वांगं, देठ आणि आप्पांचा हुरडा

हॉस्पिटलात नोकरी करणाऱ्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत. नोकरी न सोडता टिकून राहिलं, की ते आपोआप साठतात. प्रत्येक घरात कशी एक पिशव्यांची पिशवी असते, तसे. एक ओढायला जावं तर चार बाहेर येतात. परवा मैत्रिणीकडे गेले होते, सहज म्हणाले, "अगं, आमच्या वॉर्डात एकदा काय झालं..." तिची भाजी करपली, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, तरी आमचं संपेना. शेवटी तीच म्हणाली, "बाई, तू हे लिहून काढ. माझा स्वयंपाक तरी होईल!"

तर मी सोलापुरात एका हॉस्पिटलच्या मेंदूच्या वॉर्डात स्पीच थेरपिस्ट आहे. लोकांना वाटतं, मी बोबड्या मुलांना 'ळ' म्हणायला शिकवते. तेही करते. पण वॉर्डात माझं मुख्य काम वेगळंच आहे. स्ट्रोकनंतर ज्यांचं गिळणं जातं, त्यांना परत गिळायला शिकवायचं. त्यामुळे तिथं मला माझ्या नावानं कुणी ओळखत नाही. "गिळायच्या मॅडम आल्या का?" असंच विचारतात. एकदा एका लग्नात, ऐन पंगतीत, लांबून कुणीतरी बाई ओरडली, "अहो गिळायच्या मॅडम, ओळखलं का?" वाढपी थबकला, माझ्याकडे नीट बघितलं आणि जिलबीचं ताट माझ्यापुढंच ठेवून गेला.

आमच्या वॉर्डाचे सर्वेसर्वा म्हणजे डॉ. बिराजदार. गोल चेहरा, मोठा आवाज आणि एकच प्रेम: ब्रेनस्टेम. मोठा मेंदू खाली निमुळता होत मानेकडे उतरतो, तिथला हा अंगठ्याएवढा भाग. श्वास, हृदयाचे ठोके, बीपी, गिळणं, खोकला, उचकी, झोप आणि जाग, सगळा कारभार त्याच्याकडे. सर म्हणतात, "मोठा मेंदू नुसता सह्या करतो हो. ऑफिस हा चालवतो!" हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकलंय की सरांनी 'मोठा मेंदू' म्हटलं की पुढचं आम्हीच पूर्ण करतो.

या सगळ्या किश्श्यांच्या मध्यभागी आहेत वळसंगचे सिद्रामप्पा, म्हणजे आमचे आप्पा. त्यांच्यापासूनच सुरू करते.

* * *

आप्पा आले ते थंडी नुकती पडायला लागली होती तेव्हा. सकाळी शेतात उभ्या उभ्या चक्कर आली, एका बाजूला तोल गेला, आवाज घोगरा झाला आणि पाण्याचा घोट नाकातून बाहेर आला. ब्रेनस्टेमच्या डाव्या बाजूला स्ट्रोक. हातपाय शाबूत, डोकं शाबूत, पण गिळणं पार गेलेलं. नाकातून नळी घातली आणि जेवण नळीतून सुरू झालं.

शुद्धीत असलेला माणूस, समोर बायको बसलेली, आणि पोटात काय जातंय ते जिभेला कळत नाही! आप्पांनी मला पहिल्या दिवशी घोगऱ्या आवाजात एकच प्रश्न विचारला, "मॅडम, हुरड्यापत्तूर हुईल न्हवं?"

मला वाटलं, सहज विचारतायत. मग त्यांच्या बायकोनं, महानंदाअक्कांनी, सांगितलं. दरवर्षी ज्वारी कोवळी असताना आप्पांच्या शेतात हुरडा असतो. पावणेरावळे, लेकी-जावई, गावातले, सगळे येतात. आगटी आप्पाच पेटवणार, कणसं आप्पाच भाजणार, आणि गरम हुरडा हातावर मळून पहिली मूठ आप्पाच तोंडात टाकणार. त्यानंतरच बाकीच्यांनी खायचं. "आन ज्वारी काय तुमच्या दवाखान्यासाटी थांबणार हाय व्हय?" अक्का म्हणाल्या. दाणा एकदा टणक झाला की हुरडा संपला.

तर अक्कांना आजार समजावून सांगायचं काम सरांनी स्वतःकडे घेतलं. जेवायची वेळ होती. सरांनी आपला डबा उघडला आणि भरलं वांगं देठाला धरून उचललं.

"हे बघा अक्का. हे वांगं म्हणजे मोठा मेंदू. विचार करणं, हिशोब, भांडणं, सगळं इथं. आणि हे देठ. श्वास, झोप, गिळणं इथं. आप्पांच्या देठाला इजा झालीय. वांगं एकदम फस्क्लास आहे!"

अक्कांनी वांग्याकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं. "म्हंजे भांडण जमंल, गिळणं जमणार न्हाय."

"अगदी बरोबर!" सर खूश.

"मग काय, घरच्यासारकंच हाय की. आजपत्तूर बी माजं बोलणं त्येंच्या गळ्याखाली कवा उतरलंय?"

सरांचं ते वांगं त्या दिवशी हातातच राहिलं. पण खरी गंमत नंतर झाली. अक्का दिवसभर वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसायच्या. नवा पेशंट आला, नातेवाईक रडत रडत बाहेर आले, की अक्का सरकून जागा करायच्या, पाठीवर हात फिरवायच्या आणि अगदी मायेनं विचारायच्या, "रडू नका. तुमचं काय हाय? वांगं का देठ?"

* * *

शनिवारी दुपारी सर आम्हा स्टाफचा क्लास घेतात. वेळ काय निवडलीय बघा: जेवणानंतर लगेच. आणि त्या शनिवारी विषय काय, तर 'माणूस जागा कसा राहतो'!

सर रंगात आले होते. ब्रेनस्टेममधून वर मेंदूभर जाळं पसरलेलं असतं, ते मेंदूला सतत टोचत ठेवतं, टोचणं कमी झालं की झोप, वाढलं की जाग. पंखा गरगरत होता. मटकीची उसळ आणि भाकरी आपापलं काम करत होती. पहिल्या रांगेतल्या येमूल सिस्टर, वॉर्डाच्या इन्चार्ज, डोळे उघडे ठेवून झोपल्या होत्या. ही कला त्यांना अनेक वर्षांच्या नोकरीनं दिलीय. मागची रांग तर सरळ एकमेकींच्या खांद्यावर.

मला वाटलं, सर चिडणार. सर उलट हरखून गेले! मला खुणेनं गप्प बसायला सांगितलं. मग पुस्तक उघडून खणखणीत आवाजात एक अख्खा परिच्छेद वाचला. एक जण हललं नाही. टेबलावर डस्टर आपटलं. येमूल सिस्टरांनी मान डोलावली, पण झोपेतच.

मग सर अगदी हळू, पुटपुटल्यासारखं म्हणाले, "उद्यापासून ड्युटी चार्ट बदललाय."

पूर्ण वर्ग ताठ! "कुणाचा, सर? आमचा?" मागच्या रांगेतून तीन आवाज एकदम आले.

सरांनी खडू ठेवला. "झालं. यापेक्षा चांगलं मला शिकवता येणार नाही," म्हणाले, आणि क्लास सुटला. तेव्हापासून सगळ्यांना हा धडा पाठ आहे. मेंदू झोपला तरी देठ दाराशी बसलेलं असतं, आणि काय आत सोडायचं ते त्याला बरोबर कळतं.

* * *

आता हेच बघा. आप्पांच्या शेजारच्या कॉटवर शहराच्या पूर्व भागातले एक विणकर होते, नरसय्याकाका. आयुष्य टॉवेलच्या यंत्रमागावर गेलं. स्ट्रोक किरकोळ होता, बाकी तब्येत छान, पण झोप येईना. दुपारी नाही, रात्री नाही. तळमळायचे, कूस बदलायचे. येमूल सिस्टरांनी पडदे ओढले, दार लावलं, कुणी बोललं की "शूऽऽ" केलं, सलीमभाईंना, म्हणजे आमच्या वॉर्डबॉयना, चपला काढून चालायला लावलं. वॉर्ड कसा देवळासारखा शांत. काका टक्क जागे!

शेवटी येमूल सिस्टरांनी त्यांच्याशी तेलुगूत जरा गप्पा मारल्या. सिस्टर स्वतः विणकराच्या घरातल्या. परत आल्या त्या कपाळावर हात मारतच. "आपण येडे आहोत मॅडम! या माणसाच्या उशाला जन्मभर माग चाललाय. ही शांतता त्यांना सोसवंना."

सिस्टरांनी भावाला फोन करून मागाचा आवाज रेकॉर्ड करून मागवला. दुपारी मोबाईल काकांच्या उशाशी ठेवला. खटक-फटक, खटक-फटक सुरू. आम्ही बाकीचे कानात बोटं घालून उभे. आणि काका? तोंड उघडं टाकून घोरायला लागले! सिस्टरांचे डोळे भरून आले. त्यांनाही घर आठवलं असणार.

जरा वेळानं मोबाईलची बॅटरी संपली. आवाज बंद. काका खाडकन उठून बसले आणि ओरडले, "ए, लाईट गेली काय रे?"

* * *

सलीमभाईंचा विषय निघालाच आहे, तर त्यांचंही सांगून टाकते.

एक आजोबा होते, स्ट्रोकचेच. त्यांची मुलगी कॉटजवळून हलायची नाही. वडिलांच्या छातीकडं एकटक बघत बसायची. श्वास थांबेल की काय, ही धास्ती. सरांनी तिला बाजूला बसवून शांतपणे सांगितलं, "बाळ, श्वास घ्यायला आठवण ठेवावी लागत नाही. तू झोपतेस तेव्हा तुझा कोण घेतं? ब्रेनस्टेम घेतं. बाबांचं ब्रेनस्टेम चांगलं आहे. तू जाऊन जेव." मुलीला पटलं. ती बिचारी खरंच उठून जेवायला गेली. आम्हाला सगळ्यांना हायसं वाटलं.

शेजारी सलीमभाई बेडशीट बदलत होते. त्यांनी सगळं ऐकलं.

तासाभरानं सलीमभाई सरांच्या केबिनच्या दारात. घामाघूम. एक हात छातीवर.

"क्या हुआ सलीमभाई?"

"साब, आपने बोले ना, सांस अपनेआप चलती बोलके?"

"हां, मग?"

"अच्छी चलरी थी साब इत्ते बरस. आप बोले तबसे मैंच ले रा हूं!"

सर इतके हसले की त्यांनाच ठसका लागला. मग त्यांनी सलीमभाईंना मुद्दाम आप्पांच्या हुरड्याचा विषय काढून दिला. सलीमभाई खाण्याचे शौकीन. कुठल्या गावचा हुरडा गोड, चटणी कशी पाहिजे, दही किती आंबट, असं बोलता बोलता पार विसरून गेले. श्वास पुन्हा आपला आपण सुरू!

* * *

आता उचकीचा किस्सा. हा नीट ऐका.

देठाला इजा झाली की काही पेशंटना उचकी लागते आणि थांबता थांबत नाही. आप्पांना लागली. आधीच नाकात नळी, त्यात दर दोन शब्दांनंतर उचकी. माणूस दमून गेला. मला तर बघवत नव्हतं. गिळायचा सराव बंद ठेवावा लागला, आणि तिकडून मुलाचा, बसवराजचा, फोन, की ज्वारी निसवली, कणसांत दाणे भरायला लागलेत.

सरांनी औषधं बदलली. अक्कांनी मात्र आपला उपाय काढला. आपल्याकडं उचकी लागली की कुणीतरी आठवण काढतंय म्हणतात ना, आणि बरोबर नाव घेतलं की थांबते! अक्का खुर्ची ओढून कॉटला चिकटून बसल्या आणि नावं घ्यायला लागल्या. आधी लेकी. उचकी चालूच. मग जावई, नाती, भाऊ, भावजया. मग गावातले. मग मेलेले! सरपंच झाले, पतपेढीतले साहेब झाले, विकलेल्या बैलाचंसुद्धा नाव घेतलं. काही फरक नाही.

तेवढ्यात येमूल सिस्टरांनी येऊन सरांनी लिहिलेलं इंजेक्शन दिलं आणि गेल्या. अक्का चालूच. नावं संपत आली तशा त्या जरा थांबल्या. नवऱ्याकडं तिरकं बघितलं. आणि एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "शालन?"

उचकी थांबली.

आप्पांनी डोळे मिटून घेतले.

"व्हय का!" अक्का उठून उभ्या राहिल्या. "आता कळलं! मोडनिंबाची शालन!"

सगळा वॉर्ड कानात प्राण आणून ऐकत होता, तेव्हा मग अक्कांनीच खुलासा केला. अक्कांच्या आधी आप्पा मोडनिंबला एक मुलगी बघायला गेले होते. शालन. पसंती झालेली, पण पुढं काही जमलं नाही. शालनबाई आता मोडनिंबातच सुना-नातवंडांत सुखी. आप्पांनी नंतर जन्मात तिचं तोंड बघितलं नव्हतं. "पर बघा ना मॅडम, ती अजून आटवण काडती!"

सर धावत आले. "अहो अक्का, इंजेक्शन दिलंय आत्ता! त्यानं थांबली उचकी! ब्रेनस्टेममधल्या सर्किटवर काम करतं ते—"

"डाक्टर," अक्कांनी सरांना हातानं थांबवलं, "तुमचं विंजेक्शन कवा दिलं?"

"दहा मिनिटं झाली असतील."

"आन शालन कवा म्हनले मी?"

सरांनी घड्याळाकडं बघितलं.

"मग!" अक्का म्हणाल्या. "आयुष्यभर ह्या माणसानं मला 'अगं ए' शिवाय हाक न्हाय मारली. येकदा बी नाव घेतलं न्हाय माजं. आन तिच्या नावानं उचकी थांबती!" रागावल्या होत्या खऱ्या, पण नवऱ्याची उचकी थांबली म्हणून तोंडावरचं हसू काही लपत नव्हतं. आप्पा लगेच झोपून गेले. इंजेक्शननं झोप येतेच. अक्कांचं मत मात्र वेगळं होतं. "सोंग हाय निस्तं!"

* * *

उचकी थांबली आणि माझा सराव परत सुरू झाला. आप्पांची डाव्या बाजूची गिळायची ताकद गेलेली. म्हणून पद्धत अशी ठरली: मान डावीकडं वळवायची, हनुवटी छातीला लावायची, गिळायचं, आणि मग काहीतरी बोलायचं. आवाज स्वच्छ आला तर घास नीट उतरला. आवाज ओला, गुळगुळीत आला तर काहीतरी श्वासनलिकेच्या तोंडाशी अडकलंय. मी दर वेळी म्हणायची, "बोला आप्पा, काहीतरी बोला." आप्पा दर वेळी एकच शब्द बोलायचे. "हुरडा."

दुसरं म्हणजे, अशा पेशंटला सगळ्यात धोका पाण्याचा. पातळ पदार्थ पळतो, देठाला सावध व्हायला वेळच देत नाही. घट्ट पदार्थ हळू जातो. हे मी घसा कोरडा होईपर्यंत सगळ्या नातेवाइकांना सांगते. "एक थेंब पाणी नाही. घट्ट. घट्ट. घट्ट."

आणि एका सकाळी राउंडला येते तर अक्कांचे भाऊ, गावातल्या महादेवाचे पुजारी, ज्यांना सगळे स्वामी म्हणतात, कॉटजवळ उभे, हातात तांब्याची लोटी, आणि पळी आप्पांच्या ओठांपर्यंत पोचलेली!

"थांबा!" मी अशी किंचाळले की शेजारच्या नरसय्याकाकांनी घोरणं थांबवलं. "काय देताय?"

"तीर्थ हाय मॅडम," स्वामी अगदी शांत. "थेंबभर. देवाचं."

"देवाचं असलं तरी पातळ आहे ना!"

माझं बोलणं मलाच जास्त वाटलं. माणूस श्रद्धेनं आलेला. पण आप्पांना न्यूमोनिया झाला असता तर हुरडा राहिला बाजूला, सगळंच अवघड झालं असतं. मी समजावून सांगितलं. स्वामींनी पळी लोटीत ठेवली, डोकं हलवलं आणि निघून गेले. अक्का हिरमुसल्या. मलाही दिवसभर वाईट वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी स्वामी हजर. तीच लोटी. मी पुढं झाले, तर त्यांनीच लोटी माझ्यापुढं धरली. आत दही आणि केळं एकजीव घोटून केलेलं पंचामृत, चमचा उभा राहील इतकं घट्ट!

"बघा मॅडम. देवाला रातच्याला सांगिटलं, उद्यापास्नं तुमची आंगुळ ह्येनं."

मी चमचा उलटा केला. पडेना. माझ्या पुस्तकातल्या चाचणीत एकदम पास! सरांना बोलावलं. अर्धा चमचा. आप्पांनी मान डावीकडं वळवली, हनुवटी खाली, डोळे मिटले. गळ्याचं हाड वर गेलं, खाली आलं. स्ट्रोकनंतरचा तो त्यांचा पहिला घास.

"बोला आप्पा!"

"हुरडा." आवाज स्वच्छ!

अक्का रडल्या, मी रडले, येमूल सिस्टर तोंड फिरवून फाईल बघायला लागल्या. ती फाईल दुसऱ्याच पेशंटची होती. आणि स्वामींच्या देवळात अजून तेच तीर्थ मिळतं बरं का. गावातली म्हातारी माणसं खूश आहेत. म्हणतात, आमचा देव म्हाताऱ्यांचा विचार करतो, ठसका लागू देत नाही.

* * *

त्यानंतर आप्पा झपाट्यानं सुधारले. आधी घट्ट पेज, मग मऊ भात, मग नळी निघाली आणि आप्पा घरी गेले. पण तोपर्यंत गावभरची ज्वारी टणक झाली होती. हुरडा संपला होता. डिस्चार्जच्या दिवशी आप्पा खिडकीतून बाहेर बघत बसले होते. मला जीव लावून शिकवलेल्याचा आनंद होता आणि कुठंतरी चुकल्यासारखंही वाटत होतं.

काही दिवसांनी बसवराजचा फोन आला. "मॅडम, रविवारी समदा स्टाफ घिऊन या. हुरडा हाय."

"आता? आता कुठला हुरडा?"

तेव्हा कळलं. विहिरीकडचा एक तुकडा बसवराजनं मागाहून पेरलेला. तो अजून कोवळा होता. अक्कांनी ही गोष्ट आप्पांच्या कानावर घालायची नाही, अशी सगळ्यांना ताकीद दिलेली. गिळणं आलं नसतं तर आप्पांना दुप्पट वाईट वाटलं असतं ना! दवाखान्यात रोज ज्वारीच्या बातम्या सांगणारी बाई, नेमकं हेच पोटात ठेवून बसली होती.

आम्ही सगळे गेलो. सर, येमूल सिस्टर, सलीमभाई. नरसय्याकाकासुद्धा आले, सगळ्यांना टॉवेल घेऊन. शेतात आगटी पेटलेली. भोवती पावणे, स्वामी, पोरंसोरं. आणि मधे पटका बांधून आप्पा! गवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसत होते, काढत होते, उजव्या तळव्यावर गरम गरम मळत होते. त्या स्ट्रोकनं उजव्या अंगाचं गरम-गार कळणं गेलेलं. आप्पा म्हणाले, "लई बेस झालं डाक्टर. चटकाच बसत न्हाय!"

"आप्पा, बसत नाही म्हणजे कळत नाही! भाजतं ते भाजतंच!" सर ओरडले. अक्कांनी लगेच आप्पांचा हात ओढून ताकाच्या भांड्यात बुडवला.

मग ती वेळ आली. आप्पांसाठी हुरडा पाट्यावर बारीक वाटून दह्यात घट्ट कालवलेला. मी स्वतः बघितला, चमचा उलटा करून. अख्खे दाणे अजून नाहीत, हे आप्पांनी कबूल केलं होतं. पण पहिला घास त्यांचा, हा रिवाज मोडायचा नव्हता. सगळे हातात गरम हुरडा धरून थांबले. कुणी तोंडात टाकेना. सलीमभाईंच्या तोंडाला पाणी सुटलेलं मला दिसत होतं.

आप्पांनी घास घेतला. जिभेवर ठेवला. डोळे मिटले. इतके दिवस ज्याच्यासाठी अडून बसले होते, तो हुरडा तोंडात आला होता. आप्पांनी मान डावीकडं वळवली. आणि बघते तर काय, आगटीभोवतीच्या सगळ्यांनी, सर, सिस्टर, स्वामी, पोरंसोरं, सगळ्यांनी मान डावीकडं वळवलेली!

आणि तेवढ्यात आप्पांना उचकी लागली.

तोंडात घास, आणि उचकी! दुसरी आली तर घास सरळ श्वासनलिकेत. सर अर्धवट उठले. मी आप्पांकडं धावणार, एवढ्यात अक्कांनी हात आडवा केला. मोडनिंब ज्या दिशेला आहे, त्या दिशेकडं मान उंचावून बघितलं, आणि शेजारणीला सांगावं तसं म्हणाल्या, "शालन, थांब गं बाई जरा. गिळू दी त्येंना."

आम्ही श्वास रोखून वाट बघितली. सलीमभाईंनीसुद्धा. दुसरी उचकी आली नाही.

आप्पांनी हनुवटी छातीला लावली. गळ्याचं हाड वर गेलं, खाली आलं.

मी सवयीनं म्हणाले, "बोला आप्पा. काहीतरी बोला."

आप्पांनी डोळे उघडले. आगटीकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं, मग अक्कांकडं बघितलं.

"महानंदा," ते म्हणाले.

आवाज एकदम स्वच्छ!